कपाट निघत नाही

माझे भाऊजी दुसऱ्यांची घरं हलवतात. म्हणजे लोकांचं सामान एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवणाऱ्या एका कंपनीत ते मुकादम आहेत. बावीस वर्षांत त्यांनी आमचं निम्मं गाव ट्रकात भरून मोठ्या शहरात नेऊन ठेवलं, आणि त्यातलं बरंचसं काही वर्षांनी परतही आणलं. स्वतः मात्र लग्न झाल्यावर ज्या दोन खोल्यांत राहायला आले, तिथून इंचभर हलले नाहीत. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते. मी त्यांची धाकटी मेहुणी, शाळेच्या ऑफिसात कारकून. ते मला 'हेडक्लार्क' म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा अंशही नसतो.

भाऊजी कुणाच्या घरी गेले की आधी दाराकडे बघतात, मग माणसांकडे. दार किती इंच, जिना कुठे वळतो, लिफ्टमध्ये गादी उभी राहील का, हे ठरल्यावरच त्यांना नमस्कार सुचतो. सिनेमात नायिका रडत रडत जिना चढते तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी येतं आणि शेजारून आवाज येतो, "हिच्या घरी वरती सोफा कसा चढवला असेल गं?"

माणसं ते सामानावरून ओळखतात. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या शहरात जाणारा माणूस जेवणाचं टेबल इथेच विकून जातो, आणि परत आला की पहिल्यांदा टेबल घेतो. मधली दहा वर्षं तो उभ्याने जेवतो की काय, ते भाऊजींनी अजून कुणाला विचारलेलं नाही.

त्यांच्या कंपनीत एक नियम आहे, आणि तो खुद्द मालकांनी केलेला आहे. मुकादमाने एखाद्या वस्तूला 'निघते' म्हटलं की ती निघते, 'निघत नाही' म्हटलं की निघत नाही. गिऱ्हाइकासमोर त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. पूर्वी एकदा दोन हमालांनी जिन्यातच वाद घातला होता, आणि तो मिटेपर्यंत फ्रिज मधोमध अडकून राहिला. वरच्या मजल्यावरचे लोक त्या दिवशी कामावर गेलेच नाहीत.

अर्थात भाऊजींनी 'निघत नाही' असं कधी म्हटलंच नव्हतं. एका रिटायर्ड जज्जांच्या घरी सात फुटी कपाट होतं, सुताराने खोलीतच बसून केलेलं. दारातून ते बाहेर काढायचं म्हणजे घर पाडायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या दिवशी भाऊजी डबा विसरले होते म्हणून मी तिथे गेले होते. त्यांनी खिशातून पेचकस काढला, कपाटाभोवती एक चक्कर मारली आणि एकेक स्क्रू सोडवत गेले. वीस मिनिटांत कपाटाच्या फळ्या ट्रकात. जज्जांच्या बायकोने ओतलेला चहा अजून गरम होता.

मागच्या वर्षी या माणसाच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी फोटो काढला, पट्टा दिला आणि सांगितलं, की भरलेल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. सहा महिन्यांत काम बदला, नाहीतर पुढे मला विचारू नका. आता आमच्या इथल्या शाखेत उचलण्याशिवाय दुसरं काम नाही. मालकांनी मार्ग काढला. मोठ्या शहरात कंपनीचं गोदाम आहे, तिथे प्रमुख म्हणून जा. पगार दुप्पट, टेबल-खुर्ची, आणि खुर्ची गोल फिरणारी.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खाली बसलो. मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला 'इथे', दुसऱ्या बाजूला 'तिथे' असं लिहिलं. मी तटस्थ आहे असं सुरुवातीलाच जाहीर केलं. ते धडधडीत खोटं होतं. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. रात्री मी खालीच जेवते, आणि ताई गेली तर 'आज उशीर का झाला' असं मला विचारणारं कुणी उरणार नव्हतं. पण माणसाची कंबर एकीकडे आणि मेहुणीचं रात्रीचं जेवण दुसरीकडे, असं कुठल्या तोंडाने बोलणार?

"इथे : मोकळी हवा," मी लिहिलं.

"शेजारचं गटार उघडं आहे," भाऊजी म्हणाले.

"बरं. इथे : ट्रॅफिक नाही."

"काल चौकात पाऊण तास अडकलो होतो."

"पण अडकलेले सगळे ओळखीचेच होते ना?" ताई म्हणाली.

"म्हणून तर पाऊण तास लागला. प्रत्येक जण गाडीतून उतरून माझ्या कमरेची चौकशी करून गेला."

मी ते खोडलं आणि 'भाडं कमी' असं लिहिलं. ही ओळ मात्र टिकली. घरमालकाने सहा वर्षांत भाडं वाढवलेलं नाही. तो विषय काढायला आला की ताई त्याला न्हाणीघर बघायला म्हणून आत नेते आणि जिथे छत गळतं, नेमकं तिथे उभं करून बोलत राहते. ताई चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवणं हे तिचं काम, त्यामुळे कुणाला कुठे उभं करायचं हे तिला बरोबर कळतं. दुकान घरापासून चालत सात मिनिटांवर. दुपारी ती घरी येऊन जेवते, दहा मिनिटं आडवी होते आणि परत जाते. मी 'सात मिनिटं' असंही लिहिलं. त्या कागदावर खोडाखोड न झालेल्या त्या दोनच ओळी.

पुढच्या आठवड्यात दोघं तिकडे जाऊन घर बघून आले. दुरून डोंगर साजरे, जवळ गेल्यावर कळेल, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. पण ताई खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. ती म्हणाली, घर नवव्या मजल्यावर आहे, नळाला दिवसभर पाणी आहे, मागच्या गल्लीत मोठं हॉस्पिटल आहे. खिडकीत उभं राहिलं की अख्खं शहर दिसतं आणि त्यातलं एकही माणूस आपल्याला ओळखत नाही. हे शेवटचं तिने जरा जास्तच खुशीत सांगितलं, आणि मला राग आला.

"खोल्या केवढ्या?" मी विचारलं.

भाऊजींनी टेप लावून मोजल्या होत्या. "पहिली ठीक आहे. दुसरीत पलंग राहतो किंवा माणूस. दोघांनी एकदम जायचं नाही." त्याचं भाडं अर्धा पगार खाणार होतं. गोदाम तिथून बसने दीड तास, आणि बसमध्ये बसायला जागा मिळत नाही, असं शेजारच्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. म्हणजे गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसण्यासाठी भाऊजींनी रोज तीन तास उभं राहायचं.

"आणि इथे राहून काय करू?" भाऊजी म्हणाले. "पट्टा बांधून पियानो उचलू? बावीस वर्षं मला एकच काम येतं."

मी पेनाला टोपण लावलं. ताई म्हणाली, "तुमची कंबर धड राहिली तर घर कुठेही मांडता येईल." आणि जायचं ठरलं.

नियमाप्रमाणे सामान हलवण्याआधी सर्व्हे करावा लागतो. मुकादम फॉर्म घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जातो आणि काय न्यायचं, काय ठेवायचं, नाजूक काय, ते लिहून घेतो. भाऊजींनी फॉर्म घेतला, बाहेर गेले, स्वतःच्याच दाराची बेल वाजवली आणि पायपुसण्यावर उभे राहिले.

"मॅडम, काय काय न्यायचंय?"

"एक मेहुणी आहे," ताई म्हणाली. "नेता येईल का?"

भाऊजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पॅक करता येणार नाही. खोक्यातून बोलत राहील."

आम्ही हसलो. मग ताई एकदम उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. भाऊजींनी फॉर्मवर 'पलंग – १' असं लिहिलं आणि पुढचं काहीच लिहिलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक आला. भाऊजींच्याच हाताखाली तयार झालेले चौघे हमाल आले. त्यातल्या सगळ्यात उंच हमालाला सगळे 'शिडी' म्हणतात. त्या दिवशी कुणी चेष्टामस्करी करत नव्हतं. पलंग गेला, गाद्या गेल्या, भांडी गेली, फ्रिज गेला. भाऊजी पट्टा बांधून दाराशी उभे राहून हाताने इशारे करत होते. अकरा वाजेपर्यंत घर रिकामं झालं. राहिलं ते फक्त आतल्या खोलीतलं कपाट.

हे कपाट त्यांच्या लग्नाच्या वर्षी सुताराने खोलीतच बसून केलं होतं. सात फुटांना दोन बोटं जास्तच असेल. त्याचं दार कुरकुरतं म्हणून ताई गेली पंधरा वर्षं ते जळणाला द्यायची भाषा करत आली आहे. दुसऱ्यांच्या कपाटांत आयुष्य घालवलेल्या माणसाला स्वतःचं कपाट दाराबाहेर कसं जाणार, हा प्रश्न कधी पडला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भाऊजींनी टेप काढला. कपाटाची उंची मोजली, रुंदी मोजली. दार मोजलं. पुन्हा कपाट मोजलं. मग दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून ते रिकाम्या खोलीकडे बघत राहिले. भिंतीवर जिथे पलंग टेकलेला असायचा तिथे रंग जरा जास्त उजळ होता. ते तिकडेच बघत होते.

"निघत नाही," भाऊजी म्हणाले.

कपाटाच्या दोन्ही बाजूंना पितळेचे सहा-सहा स्क्रू चकाकत होते. चारही हमालांच्या मागच्या खिशात पेचकस होते. शिडीने तोंड उघडलं. शेजारच्याने त्याच्या पायावर पाय दिला.

"मुकादम म्हणाले, निघत नाही," तो शेजारचा म्हणाला.

"नाहीच निघत," शिडी म्हणाला. "अजिबात नाही."

"या कपाटाशिवाय मी कुठेही जाणार नाही," ताई म्हणाली.

मी मुख्याध्यापकांनाही त्यांची चूक दाखवल्याशिवाय सोडत नाही. जज्जांच्या घरचं कपाट मी माझ्या डोळ्यांनी सुटताना पाहिलेलं. पण त्या दिवशी मीही पदर सावरून खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

भाऊजींनी मालकांना फोन लावला. ही नोकरी गेली तर हातात दुसरी नव्हती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मालक, कपाट निघत नाही."

रिकाम्या खोलीत मालकांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मुकादम, बावीस वर्षांत पहिल्यांदा?"

"पहिल्यांदाच."

"तुमचंच आहे कपाट?"

"माझंच."

मग मालक म्हणाले, इकडे परत येणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत, नुसत्या सर्व्हेला एक माणूस ठेवायचं त्यांच्या डोक्यात होतंच. उचलायचं काही नाही, घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. पण पगार दुप्पट सोडाच, आहे त्याच्याही पाऊणपट. बघा बुवा, उद्या मला नावं ठेवू नका. भाऊजी 'चालेल' म्हणाले, आणि पाठ फिरवून बाहेर ट्रकाकडे गेले. रडायला गेले होते, हे मी सांगितलेलं त्यांना आवडणार नाही.

दुपारपर्यंत सगळं सामान परत आत आलं. शिडीने इतकं हळू कधी काही ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशी सात मिनिटं चालून दुकानात गेली आणि राजीनाम्याचा कागद परत मागून आली. आता ती रविवारी अर्धा दिवसही जाते, कारण पाऊणपट पगारात महिन्याची तोंडमिळवणी होत नाही. त्यावरून कुरकुरही करते. पण दुपारचं आडवं होणं तिने सोडलेलं नाही.

दोन महिन्यांनी कपाटामागच्या भिंतीला ओल आली. "हे समोरच्या भिंतीला घ्या," ताई म्हणाली, "आणि आधी बाहेर नेऊन उन्हात वाळवा." भाऊजींनी खिशातून पेचकस काढला आणि एकेक स्क्रू सोडवला. अठरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. फळ्या मी आणि ताईने दारातून बाहेर नेल्या आणि अंगणात उभ्या केल्या. तिघांपैकी कुणी एक अक्षर बोललं नाही.

नेमके त्याच वेळी नव्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मालक फाटकातून आत आले. त्यांनी फळ्या बघितल्या. पायरीवर वाटीत काढून ठेवलेले पितळेचे बारा स्क्रू बघितले. मग भाऊजींकडे बघितलं.

"आत जात नाहीये, मालक," भाऊजी म्हणाले.

नियम मालकांचाच होता. त्यांनी चकार शब्द काढला नाही. फॉर्मांचा गठ्ठा पायरीवर ठेवला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सगळ्यात मोठ्या फळीचं एक टोक धरलं. भाऊजी पुढे झाले तसे ते म्हणाले, "तुम्ही व्हा बाजूला, तुमची कंबर आहे. हेडक्लार्क, तुम्ही धरा."