एंटर दाबेपर्यंत

अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांची जीभ जड झाली. बुद्धी शाबूत होती, पण एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागे, आणि तेवढा धीर आमच्या घरात कुणाला नव्हता. धाकटे काका तर उचलली जीभ लावली टाळ्याला. वडिलांनी तोंड उघडलं की पुढचं वाक्य तेच पुरं करत. वडिलांना आता पुण्याला, माझ्या थोरल्या भावाकडे ठेवायचं, हेही त्यांनी असंच ठरवून टाकलं होतं. मला त्याचा संताप येई.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॉलेज रोडवरच्या एका संगणकाच्या क्लासमध्ये मी सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकत होते. वडील कचेरीत टायपिस्ट होते आणि त्यांचा डावा हात अजून चालत होता. म्हणून मी त्यांच्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. आधी वय विचारायचं, मग ‘काय सांगायचंय?’ एका रविवारी काका आणि मी त्यांना रिक्षातून क्लासवर घेऊन गेलो.

वडिलांनी वय टाईप करून एंटर दाबलं. पडद्यावर दुसरा प्रश्न आला आणि त्यांचं बोट हलायच्या आत प्रोग्रॅम आभार मानून संपलासुद्धा.

“हेही... थांबत... नाही,” वडील म्हणाले. मला रडूच कोसळलं.

मग कळलं. टाईप केलेलं वाचणाऱ्या स्कॅनएफ या आज्ञेनं वयाचा आकडा उचलला होता, पण त्यामागचं एंटर तिथंच सोडलं होतं. पुढची ओळ वाचणाऱ्या एफगेट्सला ते आयतं मिळालं आणि त्यानं रिकामी ओळ हेच वडिलांचं उत्तर धरलं. ते उरलेलं एंटर आधीच वाचून टाकायची सोय मी केली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

आता प्रश्नाखाली कर्सर लुकलुकत राहिला. वडील एका बोटानं अक्षरं दाबू लागले. रोमन लिपीत ‘पुण्याला’ एवढंच उमटलं होतं, तोच काका म्हणाले, “हां दादा, पुण्यालाच जायचंय.”

“काका, थांबा. त्यांनी अजून एंटर दाबलेलं नाही.”

काकांशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. खोलीत फक्त पंख्याचा आणि एकेका बटणाचा आवाज येत होता. शेवटी वडिलांनी एंटर दाबलं.

‘पुण्याला जाणार नाही. मला कुणी विचारलंच नाही.’

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग स्टूल ओढून ते वडिलांसमोर बसले.

“इथं तुझं कोण बघेल, दादा?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत बसून राहिले.