पाचचे दोन दगड

"रिबीन कुठंय?" संयोजकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मारोती गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. बोलायला दम उरला नव्हता. "न्हाई घेतली, साहेब."

"आणि छातीवरचा नंबर?"

"त्यो दगडावर ठिवला."

आजूबाजूचे खो खो हसले. संयोजकांनी वहीत त्याच्या नावावर फुली मारली. "रिबीन नाही म्हणजे पाच किलोमीटरपर्यंत गेलाच नाहीस. मधेच कुठं बसलास आणि आता आलास. खोटं बोलून काय मिळतं रे?"

मी मंडपात चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि उठलो. मारोती माझा माणूस होता.

परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षातली ही गोष्ट. मी रस्त्यांच्या खात्यात शाखा अभियंता होतो आणि नरसीचा रस्ता माझ्याकडं होता. मारोती त्या रस्त्यावरचा गँगमन. गँगमन म्हणजे ठरलेल्या हद्दीत खड्डे बुजवणारा, गवत काढणारा, किलोमीटरचे दगड रंगवणारा माणूस. घरी मेंढरं, त्यामुळं पळणं लहानपणापासून अंगात. पण चाळिशीपर्यंत तो कुठल्या शर्यतीत पळाला नव्हता. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी दहा किलोमीटरची दौड आहे असं मी त्याला सांगितलं, तर दोन महिने तो रोज पहाटे आपल्या हद्दीत पळत होता. कॅनव्हासचे बूट आणले. बायकोला, लेकीला, अख्ख्या आळीला सांगून बसला होता.

आणि दौड कशी होती म्हणता? साडेसहाला सुरू व्हायची ती पाहुण्यांची वाट बघत साडेनऊला सुरू झाली. तोवर उन्हं चांगलीच तापली होती. बॅनर मोठं, माईक दोन, भाषणं चार, आणि पाण्याचा टेंपो एकच. तोही पळणाऱ्यांच्या पुढं धूळ उडवत गेला. नंबराच्या कापडाला लावलेल्या चार पिना परत करायच्या, ही सूचना मात्र माईकवरून पाच वेळा झाली.

मी मारोतीला बाजूला घेतलं. "खरं सांग. कुठवर गेला होतास?"

"पाचच्या दगडापस्तोर, साहेब. आपल्या जुन्या."

जुन्या म्हटल्याबरोबर घोळ माझ्या ध्यानात आला.

इथं थोडं धंद्यातलं सांगायला हवं. किलोमीटरचा दगड नुसता आकडा सांगतो. तो आकडा कुठून मोजला हे दगडावर लिहिलेलं नसतं. आमच्या त्या रस्त्याची मोजणी पूर्वी गावाबाहेरच्या नाक्यापासून सुरू व्हायची. नंतर ती गावातल्या चौकापासून धरायची ठरली. म्हणजे सगळे दगड सव्वा किलोमीटरभर गावाकडं सरकले. नवे मी बसवून घेतले, जुने मारोतीच्या टोळीनं उपटले. फक्त जुना पाचचा तेवढा राहिला. बाभळीच्या मुळ्यांत रुतला होता. पुढच्या आठवड्यात बघू, असं मी म्हटलं होतं आणि तो आठवडा काही उजाडला नव्हता.

दौड नाक्यापासून सुरू झाली. मार्ग आखायला निघालेल्या जीपचा मीटर बंद. (त्या काळी मीटर चालू असलेली सरकारी जीप मी पाहिली नाही.) त्यांना चकचकीत रंगवलेला पाचचा दगड दिसला. तिथंच रस्त्यावर चुन्याची फक्की मारली, रिबिनी वाटायला दोन बाबू उभे केले आणि पाच जा, पाच या, झाले दहा असा हिशेब धरला. तो दगड चौकापासून पाच होता. नाक्यापासून चारही भरत नव्हता.

"मग तिथं बाबू उभे होते ना? तू का नाही वळलास?"

"त्ये वळ वळ म्हनत व्हते. म्या म्हनलं, ह्यो दगड मीच गाडला, ह्यो चौकापासून पाच हाये. नाक्यापासून पाच फुडं हाये. तर हासाय लागले."

"अरे, सगळे वळले तर तूही वळायचं! कितवा होतास तेव्हा?"

"तिसरा."

मी कपाळावर हात मारला. "तिसरा होतास आणि पुढं गेलास?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी चुकीचं विचारतोय. "धाची दौड म्हनले व्हते ना, साहेब? मंग काहून वळू? कमी पळून धा पळालो असं घरी कसं सांगू?"

 बत्तीस वर्षांच्या नोकरीत मोजमापाबद्दल इतकं सरळ वाक्य मला कुठल्या साहेबानंही ऐकवलं नव्हतं.

मी संयोजकांकडं गेलो. "साहेब, अर्धा तास द्या. माझ्या जीपमधून चला."

"अहो, पहिले तीन आले तशी बक्षिसं वाटून झाली. पाहुणे गेले."

"म्हणूनच वेळ आहे तुम्हाला. माझ्या माणसाला चारचौघांत खोटं ठरवलंत, तेव्हा बघायला तरी चला."

आमचे ड्रायव्हर रशीदभाई गाडी चालू करूनच बसले होते. मारोतीला मी पुढं बसवलं.

नव्या दगडाजवळ फक्की होती, रिकामे पाण्याचे ग्लास होते. तिथून पुढं टेप टाकायची होती. टेप तीस मीटरची, पोलादी. एक टोक रशीदभाईंनी धरलं. दुसरं मी घेणार, तर मारोतीनं हातातून काढून घेतलं.

"बस रे गाडीत. दहा किलोमीटर पळालायस."

"टेप मी धरत असतो, साहेब. तुमी लिव्हा."

चाळीस वेळा टेप पडली. दर वेळी मारोती खडूनं रेघ मारायचा, "व्हय" म्हणायचा आणि पुढं चालायचा. संयोजक रुमाल डोक्यावर घेऊन मागून येत होते. विसाव्या टेपेपर्यंत ते काहीबाही बोलत होते, नंतर स्वतःच टेपा मोजायला लागले. चाळीस टेपा आणि वर सहा मीटर, म्हणजे बाराशे सहा मीटरवर बाभळीखाली जुना दगड होता. रंग उडालेला, पाचचा आकडा मात्र स्वच्छ वाचता येत होता.

दगडाच्या डोक्यावर एक धोंडा होता आणि धोंड्याखाली घडी घातलेलं कापड. संयोजकांनी स्वतःच्या हातानं उघडलं. नंबर सत्तावीस. चारही पिना कापडाला नीट टोचून ठेवलेल्या.

"हितं कोनी नव्हतं," मारोती म्हणाला, "म्हनून हजेरी लावून गेलो."

रशीदभाई हसले. "साब, अपना आदमी दस पूरे करके आया. बाकी सब आधे रस्ते से लौटे."

संयोजकांनी कापडाची घडी पुन्हा नीट घातली. माणूस वाईट नव्हता. "चुकलंच," ते म्हणाले. "पण आता निकाल कसा फिरवू? दौड साडेसात किलोमीटरचीच झाली असं वर कळवू का?" मी म्हटलं, निकाल राहू द्या, फुली तेवढी खोडा आणि प्रमाणपत्र द्या. त्यांनी जीपच्या बॉनेटवरच एक लिहून दिलं. छापील मजकूर होता: 'दहा किलोमीटरची दौड पूर्ण केल्याबद्दल.' क्रमांकाच्या जागी त्यांनी 'सहभागी' लिहिलं. त्या दिवशी असली प्रमाणपत्रं सगळ्यांनाच मिळाली होती, फक्त खरं हे एकच होतं.

मारोतीनं ते घडी करून खिशात घातलं. परतताना नाका आला तेव्हा म्हणाला, "दौड लई खराब निघाली, साहेब. दोन म्हैने वाट पाह्यली व्हती. ह्याच्यापरीस मेंढरामागं पळालेलं बरं. सहभागी तर मंडपात बसलेले बी व्हते. म्या पळालो हे कुठं लिव्हलं?"

ते मला लागलं. रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी मी जुना दगड काढून घेतला आणि एम.बी. उघडली.

एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. आमच्या खात्यातली गीताच म्हणा. तिचं पान फाडता येत नाही, कारण लिहून वरच्या साहेबांची सही घेतल्याशिवाय खाडाखोड चालत नाही, आणि तिच्यात लिहिलेलं मोजमाप कोर्टातही पुरावा धरतात. मी लिहिलं: 'जुना कि.मी. दगड काढणे, एक नग. नाक्यापासून अंतर पाच हजार मीटर. टेप धरणार: मारोती, गँगमन. सदर अंतर त्यांनी आदल्या दिवशी जाऊन-येऊन धावत पूर्ण केले. दगडावर त्यांचा नंबर आढळला.'

दोन दिवसांनी उपअभियंत्यांनी बोलावलं. "हे 'धावत' काय आहे?"

मी सगळं सांगितलं. जुना दगड माझ्यामुळं राहिला होता, हेही सांगितलं.

"शर्यत एम.बी.त लिहितात का हो? खोडा ते."

"खोडतो, साहेब. फक्त खोडण्याचं कारण लिहून खाली तुमची सही लागेल. काय कारण लिहू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मोजमाप बरोबर आहे?"

"टेपनं घेतलंय. टेप त्यानंच धरली होती."

"दहा किलोमीटर पळून?"

"हो, साहेब."

त्यांनी सही केली. शिपायाला हाक मारून म्हणाले, "त्या मारोतीला एकदा माझ्याकडं पाठव रे."

संध्याकाळी मी मारोतीला ते पान दाखवलं. त्याला अडखळत वाचता यायचं. स्वतःच्या नावावर बोट ठेवून त्यानं ओळ दोनदा वाचली आणि त्याचा चेहरा असा फुलला, की मलाच भरून आलं. "ह्ये कोनाला खोडता येत न्हाई ना?"

"सही झाली, आता कुणालाच नाही. मलासुद्धा."

"पान कितवं, साहेब?"

"एक्केचाळीस."

या प्रकरणातून मी एवढंच शिकलो, की नवा दगड बसवला की जुना त्याच दिवशी उपटावा. पुढं मी बरेच रस्ते त्या पुस्तिकांमध्ये चढवले. त्यातले कितीतरी पावसानं उखडले, पुन्हा झाले, पुन्हा उखडले. माझ्या निरोपाच्या दिवशी मारोती फेटा बांधून आला होता. साहेब लोकांची भाषणं झाल्यावर तोही माईकसमोर उभा राहिला. म्हणाला, "साहेबाचं काम पाह्याचं आसंल तर पान एक्केचाळीस काढा," आणि खाली बसला.