थेंबेकाकांचं दहा पॉइंट शून्य

पहिल्या दिवशी बाईंना थेंबेकाका चक्क बहिरे वाटले होते. हो, ठार बहिरे! हे सांगताना बाईंना आजही इतकं हसू येतं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागतात.

बाई तेव्हा नुकत्याच शाळेत लागलेल्या, रसायनशास्त्र शिकवायला. पर्स नवी कोरी, आणि चालण्यात असा तोरा, की डिग्री कालच हातात पडलीय हे शिपायालाही कळावं. प्रयोगशाळेत शिरल्या, तर खिडकीशी एक किडकिडीत गृहस्थ काचेच्या उभ्या नळीला, म्हणजे ब्युरेटला, नाक लावून उभे.

"अहो, माझं कपाट कुठलं?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा बाई जवळजवळ किंचाळल्याच. गृहस्थ सावकाश वळले.

"ऐकू येतं मला. पण तुमच्यापायी एक थेंब जास्त पडला ना! बघा, झालं की नाही सरबत?"

खालच्या चंबूतलं पाणी भडक गुलाबी झालं होतं.

त्यांचं आडनाव काही थेंबे नव्हतं. ते मुलींनी ठेवलेलं. खरं आडनाव हेडबाईंनाही हजेरीपटात शोधावं लागे. हुद्दा प्रयोगशाळा मदतनीसाचा, म्हणजे द्रावणं बनवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि फुटलेल्या काचेवर दिवसभर चरफडायचं. बाई फळ्यावर शिकवायच्या आणि मुली शिकायच्या काकांकडून, हे बाईंना कळायला एक आठवडा पुरला.

"सोपं आहे गं," ते म्हणत. "या आम्लात किती दम आहे ते आपल्याला ठाऊक. त्या सोड्यात किती, ते ठाऊक नाही. मग द्यायची दोघांची झुंज लावून. बरोबरी झाली की रंग सांगतो. पण नळ सोडलायस की धबधबा? शेवटी एकेक थेंब! गुलाबी येतं, हलवलं की पळतं. पळेनासं झालं की थांब. आणि रंग इतका फिका हवा, की शेजारणीनं विचारावं, 'आलाय का गं?'"

काकांची बायको एकदा शाळेत आली होती, तेव्हा बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "यांना चहात दूध घालायला कधी सांगू नका हो. मनासारखा रंग येईपर्यंत चहा गार होतो."

आता बाईही निवृत्त झाल्या. द्रावण मोजून उचलायच्या काचनळीला, पिपेटला, हल्ली रबरी फुगा लावतात म्हणे. तेव्हा तोंडानंच ओढायची, आणि वरच्या टोकावर बोट दाबलं की द्रावण जागच्या जागी लटकून राही. ओल्या लाकडी टेबलांचा वास, एका ओळीत उभ्या बत्तीस ब्युरेट, आणि वर्गभर चिडीचूप. बत्तीस पोरी एकदम गप्प! असं दृश्य बाईंना पुन्हा कुठं दिसलं नाही.

तर, बाईंची पहिली परीक्षा. बाहेरचे परीक्षक दहाला यायचे होते. त्याआधी बाईंनी स्वतः प्रयोग करून आकडा पाकिटात घालायचा, आणि मुलींचे आकडे त्याच्याशी ताडून गुण द्यायचे. बाईंनी तीनदा केलं. तिन्ही वेळा ब्युरेटवर दहा पॉइंट एक मिलिलिटर. काकांच्या चिठ्ठीवर मात्र दहा पॉइंट शून्य.

"काका, द्रावण चुकलंय तुमचं. ओतून टाका आणि नवीन करा."

काकांनी दोन्ही मोठ्या बाटल्यांवर हात ठेवले, लेकरांना पाठीशी घालावं तसे. "तीस वर्षांत माझी बाटली मोरीत गेलेली नाही."

"माझे तीन आकडे सारखे आलेत!"

"चूक तीनदा सारखी केली, की आकडाही तीनदा सारखाच येणार."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नजर घड्याळाकडेही गेली. नवीन द्रावण करायचं तर परीक्षा दुपारपर्यंत लटकणार. न करता काकांचा आकडा पाकिटात घालावा आणि ते चुकलेले निघावेत, तर बत्तीस मुलींचे गुण जाणार. आणि स्वतःचा घालावा नि चूक बाईंचीच असली तर? तरीही बत्तीस मुलींचेच!

"पुन्हा करा," काका म्हणाले. "मी नुसता बघतो."

बाईंनी पिपेट भरली, रेघेशी आणली, चंबूत सोडली. टोकाला एक थेंब लोंबकळत राहिला. बाईंनी फूऽ केलं.

"तिथंच!" काका असे ओरडले, की बाईंच्या हातून पिपेट सुटता सुटता राहिली. "तो का फुंकलात?"

"राहिला होता म्हणून! दहाची पिपेट आहे, दहा पूर्ण नको का जायला?"

"तो दहातला नाहीच. तो मागं राहणार हे धरूनच वरची रेघ मारलीय. टोक चंबूच्या भिंतीला टेकवायचं, आणि मग जो राहील तो पिपेटचा. तुम्ही तिच्या तोंडचा घास काढलात, बाई!"

कॉलेजात सगळेच फुंकत. बाईंनी पिपेट परत भरली आणि न फुंकता केलं. दहा पॉइंट शून्य. पुन्हा केलं. दहा पॉइंट शून्य. दहाला पाच कमी असताना त्यांनी पाकिटातला कागद बदलला.

पण हार मानतील तर त्या बाई कसल्या!

"एका थेंबासाठी केवढं घर डोक्यावर घेतलंत हो!"

"मी घेतलं? बाटल्या ओतून टाका कोण म्हणालं?"

"बरं, राहू द्या. पण एक थेंब म्हणजे काय मोठं?"

"असं होय?" काका चंबू विसळता विसळता म्हणाले. "मग परवा सरावाला शेवटच्या टेबलावरच्या पोरीचा एक थेंब जास्त पडला, तेव्हा तिचा अर्धा गुण का कापलात?"



"देईन तिला परत," बाई पुटपुटल्या.

"देईन नाही. आत्ता." काकांनी ओला हात डगल्याला पुसला, गुणांची वही बाईंपुढे उघडली आणि खिशातलं पेन टोपण काढून हातात दिलं.