सिनेमा संपल्यावर पीठ

गिरणीवाल्या आप्पांनी मला पहिल्यांदा मारलं, ते मी मध्यंतरानंतर उठलो म्हणून. गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा ते कायम जवळ बाळगत. तो माझ्या पाठीवर बसला आणि मी ज्वारीच्या पोत्यावर बसलो. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात होतो आणि सिनेमावर मतं बाळगून होतो. "बस खाली," आप्पा म्हणाले. "तो मानूस मरायलाय तिथं. त्याला नीट मरू तर दे."

आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडे. आप्पांची पिठाची गिरणी रस्त्यालाच, पत्र्याच्या शेडमध्ये. बाजाराच्या दिवशी सकाळी ते सगळ्यांची दळणं दळून ठेवत आणि दुपारी गिरणी बंद करून दाराला आतून कुलूप घालत. मग चुना दिलेल्या मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं सिनेमा लावत, तोही फक्त पडलेला. जो चालला, ज्याची गाणी वरातीत वाजली, त्याला आप्पांच्या भिंतीवर जागा नव्हती. पीठ मिळायचं सिनेमा संपल्यावर. ज्याला भाकरी खायची त्याला सिनेमा बघणं भाग होतं. इतका हुकमी प्रेक्षक मी पुढे फक्त पुढाऱ्यांच्या सत्कारात पाहिला, आणि तिथं पीठही मिळत नाही.

"सिनेमा वाईट हाय म्हून पडत न्हाई," आप्पा सांगत. "लोकं उठून जात्यात म्हून पडतो. बसून तर बघा की बे." विहीर खणणाऱ्या बापलेकांचा एक सिनेमा होता. त्यात शेवटपर्यंत पाणी लागतच नाही. गावचा न्हावी वैतागून म्हणाला, "आप्पा, आडीच तास खंदायलेत, पानी कावून लागंना?" आप्पांनी त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. "तुझ्या हिरीला लागलं का बे? मंग तू कावून खंदत बसलास चार साल?" न्हाव्याच्या नाकातून रक्त आलं. त्यानं ते पुसलं आणि उरलेलं खोदकाम मुकाट्यानं पाहिलं.

हे सिनेमे थोर होते असा माझा दावा नाही. त्यातले निम्मे पडायच्याच लायकीचे होते, असं माझं मत आजही आहे. तेव्हा ते बोलता येत नव्हतं. एका लग्नात कुणीतरी आप्पांच्या आवडत्या सिनेमाला 'झोपेची गोळी' म्हणालं आणि आप्पांचे पुढचे दोन दात त्या मांडवात राहिले. समोरच्याचा जबडा महिनाभर बांधलेला होता. नवरदेवाचा फेटा रक्तानं माखला. तो मुळात लालच असल्यामुळे फोटोत फरक पडला नाही.

तो आवडता सिनेमा असा. एका माणसाच्या भावाचा खून होतो. तो कोयता घेऊन खुन्याच्या घरी जातो. खुनी घरी नसतो, त्याची म्हातारी आई असते. ती ह्याला पाणी देते. हा उंबऱ्यावर बसतो आणि वाट बघतो. म्हातारी शेंगा फोडते. ऊन सरकतं. खुनी येतो तेव्हा म्हातारी दोघांना जेवायला वाढते. हा जेवत नाही, मारतही नाही. उठतो आणि जातो. हाणामारी बघायला आलेल्या लोकांनी शहरात म्हणे खुर्च्या मोडल्या होत्या. आप्पा तो दर काही महिन्यांनी लावत आणि कुणी चुळबुळ केली की पट्टा काढत. अहिंसेचा इतका कडवा प्रचारक मी दुसरा पाहिला नाही. त्याचे श्रोते वळ घेऊन घरी जात.

मग आमच्या भागातल्या साहेबांनी स्वतःच्या आयुष्यावर सिनेमा काढला. कथा त्यांची, नायक त्यांचा भाचा. नायक सगळ्या सिनेमाभर माणसं हाणत होता, आणि खरेपणा होता तो तेवढाच. गावोगाव फ्लेक्स लागले, जेसीबीतून फुलं उधळली गेली, तरी सिनेमा आठवडाभर चालला नाही. तो पडला हे कळताच आप्पांनी तो मागवला. त्यांचा नियम माणूस बघत नव्हता. साहेब हरखले आणि स्वतः गिरणीत आले. पांढरी गाडी, मागे पोरांच्या तीन गाड्या, पोत्यावर सतरंजी. मध्यंतराआधीच साहेबांना फोन आला आणि ते उठले.

"बसा खाली," आप्पा म्हणाले.

"आप्पा, अर्जंट हाय. कुलूप काढा."

"तुमचाच सिनेमा हाय, सायेब. तुमीच उठल्यावर लोकांनी काय करावं?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं घात केला. साहेबांनी फक्त पोरांकडे पाहिलं. पोरांनी आप्पांना त्यांच्याच पट्ट्यानं मारलं, मग लाथांनी, मग गिरणीच्या लोखंडी पहारीनं. उजवा हात कोपरात मोडल्याचा आवाज मी ऐकला. भिंतीवर भाचाही कुणालातरी तसाच मारत होता. जमिनीवरच्या पिठात रक्त कालवलं गेलं. आम्ही सगळे, खरंच, बसून होतो.

आप्पांचा मुलगा बबन तेव्हा शेतात होता. बायकोबरोबर दर हंगामाला ऊसतोडीला जाणारा, तिशीतला, लहान लेकीचा बाप. आप्पा दवाखान्यातून आले त्या दिवशी मी भेटायला गेलो, तर बबन गिरणीत बसून कोयत्याला धार लावत होता. साहेब कुठं उतरलेत, हे त्यानं काढून ठेवलं होतं.

"मी येतो जाऊन," तो एवढंच म्हणाला.

आप्पांनी डाव्या हातानं दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि भिंतीवर तो म्हातारीचा सिनेमा लावला. आत आम्ही तिघंच.

"किल्ली द्या, आप्पा."

"बस खाली."

बबननं त्यांना ढकललं. मोडलेला हात जात्यावर आदळला. आप्पा गुरासारखे ओरडले, पण किल्ली सोडली नाही. उलट डाव्या हातानं पट्टा काढून त्यांनी पोराच्या तोंडावर ओढला. त्याचा ओठ फाटला. मी मध्ये पडलो आणि दोघांचाही मार खाल्ला. बबन दाराकडे धावला आणि कोयत्यानं दारावर घाव घालू लागला. फळी जाड होती. ढलप्या उडत होत्या आणि मागे भिंतीवर म्हातारी शेंगा फोडत होती. तिला घाई नव्हती.

कोयता एका खाचेत रुतला. बबननं ओढला, तो निघेना. दमून, धापा टाकत तो वळला आणि रक्त पुसता पुसता त्याची नजर भिंतीवर गेली.

"किती राह्यलाय?" त्यानं विचारलं.

"लई हाय. बस."

तो बसला. मी आयुष्यात तो सिनेमा तेव्हाच नीट पाहिला. खुनी दारात आला तेव्हा बबननं श्वास रोखला होता. पडद्यावरचा माणूस न जेवता उठून गेला, भिंत पांढरी झाली.

"मंजे मारतच न्हाई तो?"

"न्हाई."

"मंग भावाचं काय?"

"त्ये मलाबी कळंना," आप्पा म्हणाले. "म्हून तर परत परत लावतो." मग त्यांनी कमरेची किल्ली काढून बबनच्या पुढ्यात टाकली. "संपला. आता जायचं तर जा."

बबननं किल्लीकडे पाहिलं. मग उठला आणि बापाच्या हाताची सुटलेली पट्टी बांधू लागला.

आप्पा आता नाहीत. उजवा हात शेवटपर्यंत वळला नाही. साहेबांचे फ्लेक्स अजून लागतात. दारावरची खाच बबननं बुजवलेली नाही. गिरणी आता तोच चालवतो आणि पीठ अजूनही सिनेमा संपल्यावरच मिळतं. आप्पांचा हात मोडला त्या वर्षी दसऱ्यानंतर बबन बायकोबरोबर साखर कारखान्यावर गेला, तेव्हा तोच कोयता त्याच्या बोचक्यात होता. तो उसावरच चालला.