साहेबांच्या खालच्या अंगाला एक तंबू

पचमढीला हवा खायला जातो, असं मी दौलतगंजात सगळ्यांना सांगितलं आणि कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. ऐन थंडीत, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हवेचा काही तुटवडा नसताना, एक हेडक्लार्क बायकोला घेऊन डोंगरात सहलीच्या तळावर राहायला जातो म्हणजे त्यात काहीतरी काम असणार. होतंच.

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि पाठोपाठ आमच्या कचेऱ्या निघाल्या. बाड्याच्या चौकातून जाताना रोज एखादा ट्रक कपाटं भरताना दिसायचा. माझीही भोपाळला बदली झाली होती. मला ग्वाल्हेर सोडायचं नव्हतंच, पण खरी अडचण घरात होती. आमच्या सौभाग्यवती दौलतगंजात मुलींची मराठी शाळा चालवतात. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. कचेऱ्यांबरोबर मराठी घरं उठली, दोन शिक्षिका नवऱ्यांमागे गेल्या. आता बाई गेल्या की शाळेला कुलूप. तेव्हा बदली रद्द करून घ्यायची. ती ज्यांच्या हातात होती ते साहेब नाताळच्या सुटीत पचमढीच्या तळावर उतरणार आहेत, एवढी बातमी मी काढली होती. बाईंना यातलं काही बोललो नव्हतो. चार दिवस विश्रांती, एवढंच.

“विश्रांतीला पगडी कशाला?” ट्रंक भरताना त्यांनी विचारलं.

“डोंगरात थंडी असते.”

गाडीत मला बसवेना. प्रत्येक स्टेशनावर उतरायचं, फलाटावर येरझारा घालायच्या, शिट्टी झाली की धावत चढायचं. बीना स्टेशनावर तर चुकून भलत्याच डब्यात चढलो आणि पुढच्या स्टेशनापर्यंत एका तेल्याच्या डब्यांवर बसून गेलो.

“तुम्ही चालल्याने गाडी लवकर पोचत नाही,” परत आल्यावर बाई म्हणाल्या.

इटारसीला गाडी बदलली, पिपरियाला बस धरली. घाट सुरू झाला तशी सागाची झाडं मागे पडून सालवृक्ष लागले. एकीकडे तांबडा कडा, दुसरीकडे दरी, आणि दरीच्या तळाशी उन्हाचा एकच पट्टा. बाई खिडकीतून बघत होत्या. मी मनातल्या मनात अर्जाची वाक्यं घोळवत होतो.

तळ छान होता. उतारावर झाडांमध्ये लाकडी बंगल्या, खाली मैदानात तंबू. चौकीदाराने आम्हाला सगळ्यात वरची बंगली उघडून दिली. फळ्यांना ताज्या तेलाचा वास, आत शेगडी, पुढे ओसरी, आणि ओसरीतून धूपगडाच्या शिखरापर्यंत डोंगरच डोंगर.

“सबसे बढ़िया यही है, बाबूजी.”

“आणि साहेब कुठे उतरलेत?”

त्याने खालची बंगली दाखवली. खालची.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. माझ्या वडिलांचा जन्म दरबारच्या फराशखान्यात (तंबू, कनाती, गालिचे सांभाळणारं खातं) गेला. मालकाचा डेरा पडला की त्याच्याहून उंच जागी कोणी राहायचं नाही आणि आपल्या राहुटीचं तोंड डेऱ्याकडे ठेवायचं, हे मी मुळाक्षरांच्या आधी शिकलो. ज्यांच्याकडे मागायचं त्यांच्या डोक्यावर बिऱ्हाड थाटायचं? मी किल्ली परत केली.

“तंबू द्या. साहेबांच्या खालच्या अंगाला.”

चौकीदाराने बाईंकडे पाहिलं. बाईंनी आकाशाकडे.

तंबू मी स्वतः लावला. फराशाचा मुलगा ना. तोंड अगदी दोरी धरून साहेबांच्या बंगलीकडे केलं. मध्ये एक मोठी कनात होती तिच्याकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी वारा सुटला आणि त्या कनातीतला सगळा धूर आमच्या तंबूत शिरला. ते तळाचं स्वयंपाकघर होतं. आम्ही गक्कड (निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकर) आणि वांग्याचं भरीत डोळे पुसत खाल्लं. भरीत उत्तम होतं. रडलो ते धुराने.

“बाबूजी, मुँह उधर घुमा लो न तंबू का,” खानसामा म्हणाला.

“नहीं घुमा सकते.”

“काहे?”

याचं उत्तर मला हिंदीत देता आलं नाही. बाई म्हणाल्या, “मराठीत सांगा. मलाही ऐकायचंय.”

पुढचे दोन दिवस मी साहेबांच्या मागे होतो. दरबारी रीत अशी, की आपण तोंड उघडायचं नाही. नजरेत पडेल असं उभं राहायचं, आणि नजर पडली की पुढचं आपोआप होतं. साहेब पांडव गुंफेवर गेले, मी पायरीशी उभा. साहेब तळ्यावर, मी काठाला. डोक्यावर पगडी. नजर पडत होती, पण पुढचं काही होत नव्हतं. बाईंनी तोवर जवळची टेकडी चढून घेतली, धबधबा बघितला आणि एका माळणीकडून आवळे आणले.

तिसऱ्या दिवशी धूपगडावर सूर्यास्ताला गर्दी होती. खाली डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत चालल्या होत्या. साहेब मफलर गुंडाळून दगडावर बसले होते. मी पुढे झालो आणि वडील करत तसा लवून मुजरा केला.

“चहा नको,” साहेब म्हणाले. “आत्ताच झाला.”

त्यांना मी कुठल्यातरी हॉटेलातला पगडीवाला वाटलो होतो. मी “जी” म्हटलं. मग रीतीप्रमाणे, पाठ न दाखवता, उलट्या पावली मागे सरकलो. दरबारात मागे गालिचा असतो. धूपगडावर खड्डा होता.

काटेरी झुडपातून मला ओढून काढणाऱ्यांत साहेब स्वतः होते. घोटा सुजला होता. त्यांनी आपल्या जीपमधून तळावर आणलं, बंगलीत शेगडीपुढे बसवलं, बाईंनाही बोलावलं. साहेब नागपूरचे निघाले.

“तुम्ही उलटे काहून चालत होते, हो?”

“आमच्याकडची रीत आहे,” बाई म्हणाल्या. “दरबार गेला. पाठ अजून वळत नाही.”

साहेब हसले. मग काम काय ते विचारलं. मी सांगितलं: बदली, शाळा, कुलूप. बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

“ग्वाल्हेरला एक जागा ठेवतोय,” साहेब म्हणाले. “जुनं दफ्तर सांभाळायला. वर्षभर देतो. पुढच्या वर्षी पुन्हा भेटा, बघू. मीही नागपूरचं घर सोडून आलो भोपाळला. आई येत नाही म्हणते.”

मी मुजऱ्याला वाकणार होतो, पण घोटा दुखला.

“ती जागा नको,” बाई म्हणाल्या.

“अहो, बाई—” मी म्हणालो.

“दर वर्षी तुम्ही कुणाच्या तरी मागे उभे राहणार. कुठल्यातरी खड्ड्यात पडणार. आणि हे सगळं शाळेसाठी केलं म्हणून गल्लीभर सांगणार. मुलींच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला?” त्या साहेबांकडे वळल्या. “यांना भोपाळला न्या. मी शाळेत राहते.”

“आणि मी जेवायचं कुठे?” हे मी विचारलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

“शिकाल.”

साहेबांनी चहात साखर ढवळली. “विचार करा,” ते म्हणाले.

“झाला,” बाई म्हणाल्या.

त्या रात्री मी रागात होतो. मुळात इतकी वर्षं या बाईंशिवाय मी एक दिवाळी काढली नव्हती. माझ्या घोट्याला त्यांनी दोनदा शेक दिला, आणि दुसऱ्यांदा पाणी गार झालं तरी फडकं सोडलं नाही. सकाळी त्या मला लंगडत खानसाम्याकडे घेऊन गेल्या. “भैया, इनको गक्कड़ सिखा दो. भोपाळात लागेल.” सुटी संपेपर्यंत मी कणीक मळत होतो. पहिली गक्कड कुत्र्याने हुंगून सोडली. शेवटची बाईंनी पुरी खाल्ली.

ग्वाल्हेरला गाडी सकाळी पोचली. टांगा दौलतगंजात वळला तशी मुलींची प्रार्थना ऐकू आली. बाई चालत्या टांग्यातूनच उतरल्या आणि प्रवासाच्या पातळातच आत गेल्या. मी ट्रंकेवर पाय टाकून घरी आलो आणि भोपाळला हजर होणार म्हणून कळवून टाकलं.

आता मी लष्करात सुटीला येतो. हा प्रवास मात्र चार लोकांसारखा एका जागी बसून करतो. स्टेशनावर मला घ्यायला कोणी आलेलं नसतं. मी घड्याळ बघतो, शाळेची वेळ असते. मग मी ट्रंक उचलतो आणि मजेत चालत निघतो.