मिशरीवरची बडीशेप

“साहेब, तुमची बडीशेप लय भारी हाय,” सिंधूबाई म्हणाल्या. “मिशरी लावून झाली की खाते. तोंडाला बरं वाटतं.”

माझ्या प्रयोगाचा निकाल लागला तो असा.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये कात्रीने घड छाटून द्राक्षं निवडणाऱ्या बायकांची मिशरी सोडवायची, हे माझं संशोधन. मिशरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू; बोटाने हिरड्यांना चोळतात. सवय काढायची तर तिच्या जागी दुसरं काही द्यायचं, याला आम्ही रिप्लेसमेंट म्हणतो. मी बडीशेप दिली. पुड्या भराभर संपत होत्या, म्हणून खुशीत रिपोर्टही लिहायला घेतला होता!

सिंधूबाईंची मिशरी मात्र सुटायलाच हवी होती. गालात आतून पांढरा चट्टा आला होता. डॉक्टरांनी कॅन्सरचं नाव काढून बजावलं होतं.

शेवटी त्यांनी मनावर घेतलं. डबी घरी ठेवून आल्या. बाकीच्या बायका मिशरी लावायला बाहेर निघाल्या, तशा सवयीने त्याही निघाल्या.

“मावशी, तुम्ही सोडली ना?” सुपरवायझर म्हणाला. “मग कुठं चालल्या? चालवा कात्री.”

त्या पुन्हा टेबलाशी उभ्या राहिल्या. बाहेर कडुनिंबाखाली हसणं-खिदळणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी डबी परत कमरेला.

“अहो, तो चट्टा!” मी ओरडलोच.

“चट्टा हाय, पण पाठ बी हाय ना साहेब. दिवसभर उभं ऱ्हायचं म्हणजे.”

मी वैतागून मॅडमना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला.

“तू सिगरेट कधी ओढतोस?” त्यांनी विचारलं.

“मीटिंग लांबली की.”

“मग बायकांना तू काय सोडायला सांगितलंस? मिशरी, की सुट्टी?”

मी फोन ठेवून पॅकहाउसच्या मालकांना गाठलं.

मालकांना गाठलं. ते म्हणाले, “वेळ तसाही जातोच. द्या सगळ्यांनाच घटकाभर सुट्टी. मिशरी लावा नाहीतर बडीशेप खा.”

सगळ्यांची मिशरी काही सुटली नाही. सिंधूबाईंची सुटली. पुढच्या तपासणीत चट्टा फिकटला होता. तो बघून त्यांच्यापेक्षा मीच जास्त नाचलो.

आता गंगापूर रोडला घरी बसून असतो. द्राक्षांचा हंगाम लागला की तो कडुनिंब आठवतो, आणि “साहेब, बसा की जरा” म्हणत ओंजळीत बडीशेप ओतणाऱ्या सिंधूबाई. सवय सोडवण्याआधी ती माणसाला कुठे टेकू देते ते बघावं, एवढं मी तिथे शिकलो.

माझी सिगरेट? रिटायर झाल्यावर आपोआप सुटली. मीटिंगाच संपल्या.