निनावी अर्जाचं अक्षर

ती दुपार आजही आठवते, आणि आठवली की हातातला घास हातातच राहतो. घरच्यांना आता सवय झाली आहे. बायको नुसती विचारते, "मास्तर आठवले का?" आणि भाजी गार होऊ नये म्हणून ताटावर ताट झाकते. आमच्या घरात माझी ख्याती शूर अधिकारी म्हणून नाही, गप्पिष्ट माणूस म्हणून आहे. नोकरीतही तीच होती. गप्पांच्या ओघात मी बरेच गुन्हे उघडकीला आणले, हे खरं. पण एकदा त्याच गप्पा एकाच्या जिवावर उठल्या, हेही खरं. ते सहसा मी सांगत नाही. आज सांगतो.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव आज बदलणार, उद्या बदलणार, बदलू देणार नाही, अशा बातम्या रोज येत. वाळूजकडे रोज एखाद्या नव्या कारखान्यावर पत्रा चढत होता. एकाच मशीनवर काम करणारे, एकमेकांच्या डब्यातलं खाणारे कामगार संध्याकाळी सायकलीवरून गावात शिरले की आपापल्या वस्तीकडे वळत आणि एकमेकांकडे बघेनासे होत. शहराबाहेर पैठणच्या अंगाला एक लहानसं ठाणं होतं, तिथं मी फौजदार. हाताखाली मोजकी माणसं आणि एक जीप. ती आधी ढकलावी लागे, मग चालवावी लागे.

वरून आदेश आला : हद्दीतल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्या. बंदुका म्हणजे बहुतेक पीक संरक्षणाच्या, रानडुकरांसाठी घेतलेल्या. एरवी बंदूक जमा करायची म्हटलं की परवानाधारक दहा सबबी सांगतो. पण एक बागाईतदार पहिल्याच दिवशी स्वतः आला. बंदूक, परवान्याचं पुस्तक, उरलेली काडतुसं, सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाला, "सायेब, गावात शांतता पाहिजे. आपल्यापासून सुरुवात." मी त्याला चहा पाजला आणि पावती दिली. ती त्यानं घडी घालून खिशात ठेवली, आणि दोनदा चाचपून पाहिली. तेव्हा मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं.

त्याला परवाना मिळाला होता तो आदल्या वर्षी, माझ्याच अहवालावर. बंदुकीचा अर्ज आला की पोलिसांनी त्या माणसाची चारित्र्य पडताळणी करायची असते. राहतो कुठं, आधी कुठं राहत होता, गुन्हे आहेत का. मी आमच्या ठाण्याचं गुन्हे रजिस्टर चाळलं. त्याचं नाव नव्हतं. मग त्याच्या मळ्यावर गेलो. त्यानं मटण केलं होतं. आधी कुठं राहत होतात, असं मी पहिला घास घेता घेता विचारलं. "इथलाच की सायेब," तो म्हणाला, आणि रस्सा वाढला. मी लिहिलं : कायम रहिवासी, वर्तन चांगले, गुन्हे निरंक. त्या अहवालाला मटणाचा वास येत असणार.

त्याच्याविरुद्ध एक निनावी अर्जही कचेरीतून माझ्याकडे चौकशीला आला होता. त्यात लिहिलं होतं की हा माणूस गोदावरीपलीकडून आलेला आहे, तिकडं यानं एकाला दुनळी बंदुकीनं कायमचा जायबंदी केला आहे, याला बंदूक देऊ नये. निनावी अर्ज रोज येतात. भावकीचं भांडण असेल, असं मी धरलं आणि अर्ज चौकशी न करताच दप्तरी दाखल केला. त्याआधी मात्र, जेवता जेवता, त्यालाच हसत सांगितलं, "तुमच्यावर कुणाची तरी खुन्नस आहे बघा. अर्ज केलाय."

"कुणी हो?"

"नाव नाही. पण अक्षर काय सुरेख! छापल्यासारखं. वाचतच राहावं."

तो हसला. मीही हसलो. सुपारी कातरून दिली त्यानं.

बंदुका जमा होऊन आठवडा झाला आणि एका सकाळी मेंढ्यांवाली एक बाई ठाण्यात आली. धनगराची, साठीकडे झुकलेली. खुर्ची दिली तरी खाली बसली आणि ओटीतून एक रिकामं काडतूस काढून माझ्यापुढं फरशीवर ठेवलं.

"सायेब, गावच्या बंदुका तुमच्याकडं हायेत ना?"

"सगळ्या."

"मंग परवा आमच्या माळावर दोन बार कुणाचे वाजले? माझी मेंढरं बिथरली. एक गाभण व्हती, तिनं टाकलं. मी म्हनलं बघावं तरी, तर हे घावलं."

ठाणे अंमलदार म्हणाला, "आज्जे, जुनं असंल ते. पडलं असंल कधीचं."

"वास घेऊन बघ की बाबा. नाक हाय ना तुला?"

मी वास घेतला. दारू ताजी होती. चौकशी करतो म्हणून बाईला एसटीत बसवून दिलं आणि मुद्देमालाच्या खोलीत गेलो. तिथं खुलताबादचे आमचे जमादार बंदुकांना तेलपाणी करत होते. निवृत्तीला टेकलेला माणूस. मी बागाईतदाराची बंदूक मागितली, कारण पूर्ण गावात बारा बोरची तेवढी एकच. बाकीच्या ठासणीच्या, त्यांना काडतूस लागत नाही.

जमादारांनी नळी उघडून उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"साब, इसमें तो मकान है."

"काय?"

"कुंभारनी का मकान. मिट्टी का. देखो तो सही."

मी डोळा लावला. नळीच्या मध्यावर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. जुनं, वाळून दगड झालेलं. त्यातून काडी जाईना.

"ये तो खरीदने के बाद चलीच नई, साब," जमादार म्हणाले. "चलती तो फटती."

मी परवान्याचं पुस्तक उघडलं. वर्षभरात त्यानं परवान्यावर मिळतील तितकी काडतुसं दुकानातून उचलली होती. जमा केली होती थोडीच. बाकीची कशातून उडवली?

त्याच्याकडे दुसरी बंदूक होती, कुठंच नोंद नसलेली. आणि परवाना त्याला बंदुकीसाठी नकोच होता, काडतुसांसाठी हवा होता. तो मी मिळवून दिला होता. वर आठवड्यापूर्वी पावतीही दिली होती. उद्या गावात कुणाला गोळी लागली, तर त्याच्या खिशात माझ्या सहीचा कागद होता की याची बंदूक सरकारजमा आहे. आणि त्या दिवसांत गोळी कुणी झाडली हे कुणी विचारलंही नसतं. गोळी लागलेला कोणत्या वस्तीतला, एवढंच विचारलं असतं, आणि तासाभरात घरं पेटली असती.

पण गोळी कुणासाठी, हे मला कळत नव्हतं. वायरलेसवरून गोदावरीपलीकडच्या जिल्ह्याला त्याचं नाव कळवलं आणि त्याला निरोप धाडला की जमापावतीवर एक सही राहिली आहे, येऊन जा. बजाजनगरला त्याचं ऑफिस होतं. कारखान्यांना कामगार पुरवायचा ठेका त्याला मिळायच्या बेतात होता. तिथून तो मोटारसायकलवर साडेतीनला हजर झाला.

ठाण्यात बोलावलेला माणूस सारखा घड्याळाकडे बघतो, कधी सुटतो म्हणून. हाही बघत होता. पण सही झाली तरी उठेना. दुसरा चहा स्वतः मागितला. बाकावर बसलेल्यांना राम राम घातला, आपण इथं आहोत हे चार जणांना दिसावं असा. चाळीस मिनिटं मी त्याच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मला हळूहळू उमगत गेलं की हा सुटायची वाट बघत नाही. हा कशाची तरी वेळ व्हायची वाट बघतोय.

"डुकरं किती मारली हो यंदा?"

"पाच-सहा तरी."

"याच बंदुकीनं?"

"मंग काय काठीनं, सायेब?"

मी जमादारांना खूण केली. त्यांनी बंदूक उघडून त्याच्या हातात दिली. "जरा बघा बरं खिडकीकडं धरून," मी म्हणालो. त्यानं बघितलं. बंदूक खाली ठेवली. रुमालानं तोंड पुसलं.

"दुसरी कुठाय?"

त्यानं रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"कुणाकडं आहे? मेहुण्याकडं?" मेहुणा त्याच्याचकडे राहायचा, त्यानं मारामाऱ्या बऱ्याच केलेल्या. मी अंदाजानं बोललो, पण त्याची पापणी हलली. तेवढ्यात वायरलेसचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. पलीकडच्या ठाण्यात नोंद होती. गोळी झाडून एकाला जायबंदी केल्याबद्दल शिक्षा, ती भोगून सुटका. सगळं रजिस्टरला होतं. वर्षापूर्वी एक पत्र टाकलं असतं, तरी परत टपालानं मला हेच कळलं असतं.

मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती वाचली, घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला,

"तुमचा शिपाई लिहितो बरं. पर मास्तरसारखं अक्षर नाय. छापल्यासारखं. तुम्हीच सांगितलं व्हतं."

मला आयुष्यात पुष्कळदा भीती वाटली आहे. जमावापुढं वाटली, एकदा विहिरीत उतरताना वाटली. पण ती सगळी बाहेरून आली होती. ही मी स्वतःच वाढून घेतली होती, त्या मटणासकट. गावात छापल्यासारखं अक्षर असलेला माणूस एकच, शाळेचे मुख्याध्यापक. बौद्ध वस्तीत राहणारे, पहिली नेमणूक गोदावरीपलीकडं झालेले. अर्ज त्यांचा. त्यांनी नाव घातलं नव्हतं, ते मी घातलं होतं, रस्सा भुरकता भुरकता. आणि आता ठेका हवा असलेल्या या माणसाचं मागलं आयुष्य ठाऊक असलेला गावात दुसरा कुणी नव्हता.

शाळा पाचला सुटते. मास्तर सायकलीनं वस्तीकडे जातात, दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याच्या वर.

त्याला कोठडीत घातलं. जीप ढकलली. जमादार, दोन शिपाई आणि मी. वाटेत जमादार मधेच पुटपुटत होते, "या अल्ला, सायकल पंक्चर कर दे उसकी." एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो.

गावाजवळ पोचलो तेव्हा साडेपाच होत आले होते. ऊन तिरपं झालं होतं. ज्वारीच्या वाटेवर आलो तर आडवी मेंढरं. शे-दीडशे. जीप हालेना. मी उतरलो, पिस्तुलावर हात. माणसाचा आवाज नव्हता, नुसती कुत्री भुंकत होती आणि कणसं हलत होती. वाटेच्या कडेला सायकल आडवी पडलेली दिसली. मास्तरांची.

मग मेंढरांच्या मधून त्या बाईचा आवाज आला, "हितं या सायेब, वाकून या."

बांधाआड ती बसली होती आणि तिच्याजवळ, मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद घेऊन, मास्तर. ते लिहीत होते.

"अहो, कोकरं मरू लागलीत म्हनं हिची," मास्तर मला बघून म्हणाले. "गुरांच्या डॉक्टरला अर्ज पाहिजे. मी म्हटलं उद्या देतो, तर ही सायकलच सोडेना. तीन वेळा लिहून घेतला. पसंतच नाही!"

बाई माझ्या कानाशी लागली. "वळणावर जवारीत एक जण बसलाय. माझी कुत्री मघापास्नं तिकडं तोंड करून भुंकू लागलीत. ह्यांना कसं सांगू? भेले असते, पळाले असते तिकडंच. लिहाया लावलं. मास्तर मानूस लिहाया लागला की हालत नाय."

मेहुणा सापडला. जमादार मागच्या बांधानं गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवूनच बोलले, "उठो मियाँ, टाइम हो गया." दुनळी भरलेली होती, दोन्ही नळ्या.

पुढं खटला झाला, दोघांना शिक्षा झाली. खोट्या पडताळणीबद्दल मी स्वतः वर लेखी कळवलं आणि मला ठपका बसला. आजही माझ्या सेवापुस्तकात तो आहे. चारित्र्य पडताळणीत मीही निरंक नाही. त्यानंतर परवान्याच्या प्रत्येक अर्जाला मी माणसाच्या मागल्या प्रत्येक गावच्या ठाण्याला पत्र टाकत असे, मळ्यावर पाणीसुद्धा पीत नसे, आणि निनावी अर्ज आला की लेखनिकाकडून नक्कल करून घेऊन मूळ कुलपात ठेवत असे. एवढंच शिकलो. फार नाही.

पण खरं शिकवलं ते त्याच संध्याकाळी, मास्तरांनी. फिर्याद घ्यायला त्यांना ठाण्यात आणलं होतं. चहा पुढं होता, त्यांनी घेतला नाही.

"साहेब, एक विचारू? मी अर्जावर नाव घातलं नव्हतं. त्याला कळलं कसं?"

जमादारांनी मान खाली घातली. त्यांना परत येताना जीपमध्ये मी सांगितलं होतं. खोटं सुचत होतं, दोन-तीन सुचली. पण मी खरं सांगितलं, मटणासकट. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

लेखनिकानं फिर्याद वाचून दाखवली आणि त्यांच्यापुढं सहीसाठी पेन धरलं. मास्तरांनी पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शाईचं पॅड आहे का?"

"मास्तर, सही..."

"नको साहेब. अंगठा घ्या."

मुख्याध्यापकांनी डावा अंगठा पॅडवर दाबला, कागदावर टेकवला आणि उचलला. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहायचं असतं. ते मी लिहिलं.